जुना संगणक, नवा कारभारी

मैत्रिणींनो, गेले काही आठवडे या सदराकडे एकाच विषयाची पत्रं येत आहेत. त्यातलं मालाड पूर्वेहून आलेलं एक पत्र असं आहे की बाकीच्या सगळ्यांचे प्रश्न त्यात आलेत. म्हणून आज त्या पत्राच्या निमित्तानं तुम्हा सगळ्यांशीच बोलते.

पत्र लिहिणाऱ्या ताई कुरार भागात राहतात. २०१६ मध्ये मुलाच्या कॉलेजसाठी घरात संगणक आला. मुलगा शिकून नोकरीसाठी बंगळुरूला गेला, संगणक मागे राहिला आणि हळूहळू ताईंचा झाला. आज त्या त्यावर बचत गटाचे हिशेब ठेवतात, सोसायटीच्या नोटिसा मराठीत टाइप करून देतात आणि लग्नामुंजीच्या पत्रिकांचा मजकूर जुळवून चार पैसेही मिळवतात. आता पडद्यावर सूचना येते की ‘विंडोज १०’ची मदत बंद झाली. दुकानदार म्हणतो, “डबा भंगारात काढा, चाळीस-पंचेचाळीस हजारांत नवा देतो.” मुलगा फोनवर म्हणतो, “आई, मी आलो की लिनक्स टाकून देतो, दोन तासांचं तर काम.” शेजारीण म्हणते, “लिनक्सवर मराठी चालत नाही हो.” ताई विचारतात, “मी ऐकू तरी कुणाचं?”

ताई, आठ-पंधरा दिवस कुणाचंच ऐकू नका. त्या संगणकावर काम तुम्ही करता, तेव्हा निर्णयही तुमचाच. फक्त तो माहिती घेऊन करायचा. कसा, ते आज बघू.

हा कारभारी कोण?

‘ऑपरेटिंग सिस्टिम’ हे नाव भारदस्त आहे, पण तिचं काम आपल्या रोजच्या ओळखीचं. सकाळी सहा ते नऊ तुमच्या घरात काय चाललेलं असतं? न्हाणीघर एक आणि माणसं चार. शेगड्या दोन, आणि चढवायचंय दूध, चहा, भाजी नि डाळ. कुणी आधी जायचं, कुणी थांबायचं, कुठलं पातेलं उतरवून कुठलं चढवायचं, कुणाचा डबा लोकलच्या वेळेआधी भरायचा, हे सगळं एक बाई डोक्यात ठेवून करत असते. संगणकाच्या आत हेच काम ऑपरेटिंग सिस्टिम करते. कुठल्या कामाला किती जागा, कुणाची पाळी आधी, प्रिंटरला निरोप कुणी द्यायचा, कुठली फाइल कुठल्या कप्प्यात, हा सगळा कारभार तिचा.

विंडोज हा असा एक कारभारी. लिनक्स हा दुसरा. १९९१ मध्ये फिनलंडमधल्या हेलसिंकी विद्यापीठातल्या लिनस टोरवाल्ड्स या २१ वर्षांच्या विद्यार्थ्यानं त्याचा गाभा लिहायला घेतला आणि तो सगळ्यांसाठी खुला ठेवला. पुढं जगभरच्या लोकांनी त्यात भर घातली. परकं वाटतंय? मग एक गंमत सांगते. तुमच्या हातातला अँड्रॉइड फोन आहे ना, त्याच्या पोटात लिनक्सचाच गाभा आहे. म्हणजे या कारभाऱ्याच्या हातचं तुम्ही रोज खाताच आहात.

लिनक्स मात्र एकाच नावानं मिळत नाही. गोडा मसाला जसा घरोघरी वेगळ्या हाताचा, तसे याचेही प्रकार. २००४ मध्ये उबुंटू आलं, २००६ मध्ये लिनक्स मिंट. आपल्या सरकारच्या सी-डॅक या संस्थेनं २००७ मध्ये ‘बॉस’ नावाचा प्रकार काढला. विंडोजची सवय असलेल्या गृहिणीला मी मिंट सुचवते, कारण त्यात खाली पट्टी, डाव्या कोपऱ्यात मेनू, अशी मांडणी ओळखीची वाटते. त्याला पैसे पडत नाहीत.

१४ ऑक्टोबर २०२५ ला काय झालं?

विंडोज १० बाजारात आलं जुलै २०१५ मध्ये. १४ ऑक्टोबर २०२५ ला मायक्रोसॉफ्टनं त्याची नेहमीची मदत थांबवली. संगणक त्या दिवशी बंद पडला नाही आणि या कारणानं पडणारही नाही. थांबलं काय, तर डागडुजी. अशा प्रणालींमध्ये चोरवाटा सापडत राहतात आणि कंपनी त्या दर महिन्याला बुजवत असते. ते बुजवणं थांबलं की सापडलेली वाट उघडीच राहते. नुसत्या पाककृती टाइप करायच्या आणि इंटरनेट जोडायचंच नाही, तर फारसं बिघडत नाही. पण त्याच संगणकावर बँकेचं खातं उघडत असाल, गटातल्या बायकांची नावं, आधार क्रमांक, पैशांच्या नोंदी ठेवत असाल, तर तसंच दामटणं बरं नव्हे. पैसा दहा जणींचा आहे, आणि जबाबदारी तुमच्या एकटीच्या डोक्यावर.

वाटा किती?

दुकानदारानं एकच सांगितली. खरं तर चार आहेत.

पहिली, मुदतवाढ. घरगुती वापरासाठी मायक्रोसॉफ्टनं २०२५ मध्ये सुरक्षेच्या दुरुस्त्यांची एक वर्षाची वाढीव मुदत जाहीर केली, ती १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंतची. सेटिंग्जमधल्या अपडेटच्या पानावर जाऊन नाव नोंदवावं लागतं आणि त्याला मायक्रोसॉफ्टचं खातं लागतं. हे म्हणजे भाडेकराराची मुदत वाढवून घेणं झालं. नवी जागा बघायला उसंत मिळते, इतकाच उपयोग.

दुसरी, विंडोज ११. त्याला साधारण इंटेलच्या आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर, टीपीएम २.० नावाची सुरक्षेची सोय आणि किमान ४ जीबी रॅम लागते. ताईंचा २०१६ चा संगणक त्यात बसायचा नाही. पण तुमचा २०१८ नंतरचा असेल, तर दुकानात जाण्याआधी मायक्रोसॉफ्टचं ‘पीसी हेल्थ चेक’ हे छोटं साधन घरीच चालवून बघा. कधी कधी टीपीएम संगणकात असतो, पण बंद ठेवलेला असतो. जाणकाराकडून तो चालू करून घेतला की काम भागतं. ही तपासणी न करता नव्या संगणकाचे पैसे मोजू नका. आणि बसत नसताना आडवाटेनं विंडोज ११ बसवून देणारे भेटतील, त्यांच्या नादीही लागू नका.

तिसरी, त्याच संगणकावर लिनक्स.

चौथी, नवा संगणक. तीही वाट आहेच, पण ती शेवटची ठेवू.

आधी यादी करा

आता वही-पेन घ्या. महिनाभरात संगणकावर तुम्ही जी जी कामं करता, ती एकाखाली एक लिहा. प्रत्येकीपुढं लिहा की ते काम कशात होतं. यादी झाली की तिचे आपोआप तीन भाग पडतील.

एक, ब्राउझरमध्ये होणारी कामं. बँक, विजेचं बिल, रेल्वेचं तिकीट, ईमेल, यूट्यूब, संगणकावरचं व्हॉट्सॲप. ही लिनक्सवर तशीच होतात. फायरफॉक्स मिंटमध्ये आधीच बसवलेला असतो.

दोन, दुसऱ्या भांड्यात होणारी कामं. वर्डमधली पत्रं आणि एक्सेलमधले हिशेब लिबरऑफिसमध्ये उघडतात. ते फुकट आहे आणि मिंटसोबतच येतं. साध्या बेरजा-वजाबाक्या, बचत गटाचे हप्ते, व्याज, सगळं होतं. पण खूप सजवलेलं पान थोडं सरकतं, आणि एक्सेलमध्ये कुणी मॅक्रो लिहून दिले असतील तर ते अडखळतात.

तीन, लिनक्सवर न होणारी किंवा त्रास देणारी कामं. हा भाग नीट वाचा, कारण लिनक्सचे भक्त तो सांगायला विसरतात. टॅली विंडोजसाठी बनवलेलं आहे. डिजिटल सहीची ती छोटी पेन ड्राइव्हसारखी कांडी सरकारी कामांसाठी वापरत असाल, तर लिनक्सवर तिची जुळणी अनेकदा अडते. मुलांच्या परीक्षेचं किंवा क्लासचं एखादं सॉफ्टवेअर फक्त विंडोजवर चालतं. काही जुने लेझर प्रिंटरही कुरकुरतात. तुमचं पोट या तिसऱ्या भागावर अवलंबून असेल, तर संगणक पूर्ण बदलू नका. मुलगा कितीही म्हणो.

आणि मराठीचं काय?

शेजारणीचं म्हणणं अर्धं खरं, अर्धं खोटं. लिनक्सवर मराठी उत्तम चालतं. अडते ती जुन्या पद्धतीनं टाइप केलेली मराठी.

पूर्वी संगणकाला देवनागरीची स्वतंत्र ओळख नव्हती. मग जुन्या फाँटमध्ये युक्ती केलेली असे. संगणकाच्या लेखी अक्षर इंग्रजीच, फक्त त्याला मराठी मुखवटा चढवलेला. तो फाँट असला की मराठी दिसतं, नसला की मुखवटा गळतो आणि इंग्रजी अक्षरांचा नि चिन्हांचा गोंधळ उरतो. युनिकोडमध्ये तसं नाही. १९९१ पासून त्यात देवनागरीच्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा क्रमांक आहे, म्हणून ‘क’ सगळीकडे ‘क’च राहतो, मग संगणक कुठलाही असो.

तुमचा मजकूर यातला कुठला, ते ओळखायची घरगुती कसोटी सांगते. जुनी फाइल उघडा, तिची एक प्रत काढा, त्या प्रतीतला सगळा मजकूर निवडा आणि त्याचा फाँट बदलून ‘एरियल’ करा. मराठी मराठीच राहिलं, तर ते युनिकोड. निर्धास्त राहा. इंग्रजी अक्षरांची खिचडी झाली, तर ते जुन्या फाँटमधलं.

जुन्या फाँटमधल्या फाइलींच्या दोन चळती करा. ज्या फक्त वाचायच्या किंवा छापायच्या आहेत, त्यांची विंडोजवर असतानाच पीडीएफ करून ठेवा. पीडीएफच्या पोटात फाँट भरलेला असतो, त्यामुळं ती कुठंही नीट दिसते. ज्या पुन्हा दुरुस्त करून वापरायच्या आहेत, जसा पत्रिकेचा मसुदा किंवा सोसायटीचे नियम, त्या युनिकोडमध्ये बदलून घ्या. त्यासाठी परिवर्तक मिळतात. पण बदलून झाल्यावर मूळ प्रतीशी ताडून एकदा वाचाच. रफार, पहिली वेलांटी आणि जोडाक्षरं यांत हमखास गडबड होते. पत्रिकेत वरमाईचं नाव चुकलं, तर काय होतं ते मी सांगायला नको.

छापखान्याला तुमच्याकडून श्रीलिपीसारख्या विंडोजवरच्या पॅकेजमधलीच फाइल हवी असते का, हेही एकदा विचारून घ्या. हो म्हणाले, तर त्या कामापुरतं विंडोज ठेवणं आलं. युनिकोड चालेल म्हणाले, तर तुम्ही मोकळ्या. फाँटांची तर चंगळ आहे. ‘लोहित’ आहे, मुंबईच्याच ‘एक टाइप’ या मंडळींचा ‘मुक्त’ आहे, आणि दोन्ही फुकट.

टायपिंगची मांडणी? केंद्र सरकारच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागानं १९८० च्या दशकात ठरवलेली ‘इनस्क्रिप्ट’ मांडणी विंडोजवर आहे तशीच लिनक्सवर आहे. डाव्या हाताला स्वर, उजव्या हाताला व्यंजनं. ती बोटांत बसली असेल, तर काहीच बदलत नाही. जुन्या टाइपरायटरच्या मांडणीची सवय असेल, तर मात्र आधी करून बघा आणि मगच ठरवा.

शेगडीआधी भांडी बदला

ज्यांनी स्टोव्हवरून गॅसवर येणं पाहिलंय, त्यांना आठवत असेल. आच कमी-जास्त करण्याची नवी सवय लागेपर्यंत पहिले काही दिवस दूध उतू जायचं. एकाच दिवशी शेगडी, भांडी, ओटा सगळंच बदललं असतं, तर बाईनं कपाळाला हात लावला असता. इथंही तसंच आहे.

म्हणून पहिली पायरी विंडोजवरच. लिबरऑफिस आणि फायरफॉक्स विंडोजवरही चालतात. ते आज बसवा आणि पंधरा दिवस सगळं काम त्यांतच करा. बचत गटाचा एक महिना दोन्हीकडे मांडा. शेवटची बेरीज जुळते का बघा. पंधरा दिवसांनी वर्ड-एक्सेलची आठवण येईनाशी झाली, तर निम्मं स्थलांतर झालंच म्हणायचं.

मदत लागली तर पवईच्या आयआयटी मुंबईचा ‘स्पोकन ट्युटोरियल’ हा प्रकल्प आहे. लिबरऑफिस, लिनक्स अशा विषयांचे दहाएक मिनिटांचे धडे त्यात आहेत, त्यांतले कितीतरी मराठी आवाजात, आणि फुकट. दुपारी ओटा आवरून झाला की रोज एक धडा बघायचा, थांबवायचा, करून बघायचा. कुणी “एवढंही येत नाही?” असं म्हणणारं समोर नसतं, हा आणखी एक फायदा.

पाहुणी म्हणून बोलवा

दुसरी पायरी मला फार आवडते. लिनक्स घरात न घेता बघता येतं. ८ जीबीची पेन ड्राइव्ह घ्या. ती पूर्ण पुसली जाते, तेव्हा तिच्यात फोटो नाहीत ना, ते आधी बघा. मिंटच्या संकेतस्थळावरून फाइल उतरवून ती ‘एचर’सारख्या साधनानं पेन ड्राइव्हवर चढवायची. संगणक सुरू होताना एफ-१२, एफ-९ किंवा एस्केप यांपैकी तुमच्या कंपनीची जी असेल ती कळ दाबायची आणि पेन ड्राइव्ह निवडायची. आतल्या विंडोजला धक्का न लागता मिंट पडद्यावर उभं राहतं.

पडद्यावर ‘इन्स्टॉल’ असं लिहिलेलं एक चित्र दिसेल. त्याला आज हात लावायचा नाही. आज फक्त तपासायचं. वायफाय जोडतं का? आवाज येतो का? कॅमेरा चालतो का? प्रिंटरवर एक पान निघतं का? मराठी टाइप होतं का? बँकेचं पान उघडतं का? प्रत्येकापुढं वहीत बरोबर किंवा चूक अशी खूण करा. पेन ड्राइव्हवरून सगळं सावकाश चालतं, तेव्हा वेगावरून नाक मुरडू नका. आणि इथं केलेलं काम संगणक बंद केला की नाहीसं होतं, हेही लक्षात असू द्या.

बिऱ्हाड हलवण्याआधी

तिसरी पायरी म्हणजे आवराआवर. हीच सगळ्यात महत्त्वाची. प्रणाली पुन्हा बसवता येते, पण पुसलेला फोटो परत येईलच असं नाही.

फक्त ‘डॉक्युमेंट्स’चा कप्पा बघून थांबू नका. आपली निम्मी कागदपत्रं डेस्कटॉपवर पसरलेली असतात आणि उरलेली ‘डाउनलोड्स’मध्ये पडलेली. सगळ्याच्या दोन प्रती करा, दोन वेगळ्या वस्तूंवर. एक बाहेरच्या हार्ड डिस्कवर, दुसरी पेन ड्राइव्हवर. मग त्या प्रती दुसऱ्या संगणकावर उघडून बघा. न उघडलेली प्रत ही प्रत नव्हेच. ब्राउझरनं लक्षात ठेवलेले पासवर्ड वहीत उतरवा. विंडोजनं डिस्कला ‘बिटलॉकर’चं कुलूप लावलेलं असू शकतं, त्याची लांबलचक किल्ली मायक्रोसॉफ्टच्या खात्यात असते, तीही लिहून घ्या. विंडोज परत बसवायची वेळ आलीच तर हाताशी असावी म्हणून त्याचीही एक पेन ड्राइव्ह करून ठेवा.

बदलाचा दिवस

दिवस निवडताना पंचांग बघा. हसू नका, खरंच सांगते. पत्रिकांचं काम करणाऱ्या बाईनं लग्नसराईत हे काढायचं नाही. चातुर्मासात लग्नाचे मुहूर्त नसतात, तेव्हा हाताला उसंत असते. बचत गटाचे हिशेब असतील, तर महिना बंद करून, सगळ्यांच्या सह्या झाल्यावर.

बसवण्याच्या तीन पद्धती आहेत. सगळी डिस्क पुसून लिनक्स बसवता येतं, पण त्यात जुनं काहीच उरत नाही. विंडोजच्या शेजारी बसवता येतं, म्हणजे सुरू करताना कुठलं हवं ते विचारतं. त्याला जागा लागते आणि हात सराईत लागतो. तिसरी पद्धत मी सुचवेन. जुनी डिस्क काढून घ्यायची आणि तिच्या जागी नवी छोटी एसएसडी घालून तिच्यावर लिनक्स बसवायचं. दुरुस्तीवाला समोर बसून ते करून देतो. जुनी डिस्क कागदात गुंडाळून कपाटात ठेवायची. नव्याशी पटलं नाही, तर जुनी परत लावली की विंडोज जसंच्या तसं हजर. शिवाय जुन्या संगणकाचा मंदपणा बहुतेक वेळा त्या फिरत्या डिस्कचाच असतो, त्यामुळं एसएसडीनं तो टुणटुणीत होतो. रॅम ४ जीबी किंवा कमी असेल, तर मिंटचा ‘एक्सएफसीई’ नावाचा हलका प्रकार घ्या.

बसवून झाल्यावर एवढंच पाळायचं. कोपऱ्यात ढालीचं चित्र दिसलं की अद्ययावत करून घ्यायचं. ‘टाइमशिफ्ट’ चालू ठेवायचं, म्हणजे प्रणाली बिघडली तर मागच्या तारखेवर नेता येते. तुमच्या फाइलींची प्रत मात्र वेगळी काढायचीच. आणि कुणी पाठवलेली काळ्या खिडकीतली आज्ञा, अर्थ कळल्याशिवाय चिकटवायची नाही. अनोळखी माणसानं दिलेलं औषध आपण मुलाला पाजतो का?

किल्ल्या कुणाकडे?

आता मुलाच्या ‘दोन तासांच्या कामा’बद्दल. लिनक्स दोन तासांत बसतं, हे खरं आहे. पण हात बसायला महिना लागतो, आणि तो महिना मुलगा बंगळुरूला असणार.

केरळनं हे वेळीच ओळखलं. तिथं २००१ मध्ये ‘आयटी ॲट स्कूल’ प्रकल्प सुरू झाला आणि सरकारी शाळा पुढं लिनक्सवर आल्या. आज हे काम ‘काइट’ ही सरकारी संस्था बघते. २०१९ मध्ये तिनं उबुंटूवर आधारलेली नवी प्रणाली शाळांना दिली, दोन लाखांहून अधिक संगणकांसाठी. हे शक्य झालं, कारण त्यांनी नुसत्या यंत्रांवर भिस्त ठेवली नाही. शिक्षकांना शिकवलं, पाठ्यपुस्तकं त्यानुसार केली. ज्यांनी रोज वापरायचं, त्यांना आधी तयार केलं.

घरात नेमकं याच्या उलट होतं. मुलगा, पुतण्या नाहीतर जावई येतो, आईला उठवून स्वतः खुर्चीवर बसतो, भराभर काहीतरी दाबतो, पासवर्ड आपल्या मनानं ठेवतो आणि “झालं” म्हणून निघून जातो. मग चार दिवसांनी प्रिंटर रुसला की आई फोन करते आणि तिकडून उत्तर येतं, “मीटिंगमध्ये आहे.” यात मुलाच्या मायेत काही खोट नाही. पण किल्ल्या त्याच्या कमरेला आणि कारभार तुमच्या डोक्यावर, असं किती दिवस चालायचं?

तेव्हा ताई, मुलगा आला की त्याला प्रेमानं सांगा, “तू शेजारच्या स्टुलावर बस. माऊस माझ्या हातात राहील.” पासवर्ड तुम्ही ठरवा, तुमच्या वहीत लिहा आणि वही दागिन्यांच्या डब्याशेजारी ठेवा. तो जायच्या आधी पाच गोष्टी त्याच्यादेखत स्वतः करून दाखवा. फाइल उघडून साठवणं, मराठी-इंग्रजी बदलणं, प्रिंट काढणं, पेन ड्राइव्हवर प्रत घेणं आणि अद्ययावत करणं. पाचही जमल्या की मगच त्याला पुरणपोळी वाढा.

आणि सगळं बघून, तपासून, तुम्हाला नवाच संगणक हवा असं वाटलं, तर खुशाल घ्या. त्यात कमीपणा नाही. फक्त जुना भंगारवाल्याच्या हातगाडीवर टाकू नका. आत तुमची डिस्क असते, आणि डिस्कमध्ये गटातल्या सगळ्याजणींच्या नोंदी. डिस्क काढून ठेवा आणि बाकीचा डबा ई-कचऱ्याच्या अधिकृत केंद्रातच द्या. १ एप्रिल २०२३ पासून त्यासाठी नवे नियमही लागू झाले आहेत. मालाडकरांना कचऱ्याचं वेगळं सांगायला नको. चिंचोली बंदरच्या ज्या भागात कधीकाळी शहराचा कचरा येऊन पडायचा, तिथं आज काचेच्या कचेऱ्या उभ्या आहेत आणि त्यांत शेकड्यांनी संगणक चालतात. टाकलेलं कुठं जात नाही, कुणाच्या तरी पायाखाली राहतंच.

तर ताई, तुमच्यासाठी क्रम असा. मुदतवाढ हाताशी असेल तर ती नोंदवून घ्या. आज संध्याकाळी पत्रिकांच्या फाइलींवर फाँटची कसोटी करा. उद्या छापखान्याला फोन. मग पंधरा दिवस लिबरऑफिस, एक दुपार पेन ड्राइव्हवरचं मिंट, आणि वहीतल्या खुणा बघून तुमचा तुम्ही निर्णय. यादीच्या पहिल्या ओळीत मात्र हेच लिहा: बचत गटाचा हिशेब, दोन प्रती, उघडून पाहिल्या.